पाटाभोवतीच्या दहा ओळी

गेल्या वर्षी भाद्रपदात, गणपती बसल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी सात वाजता, 'पाठीमागचा आवाज' हा लेख आमच्या लेखनगटात पाटावर मांडला गेला. लेखिकेने 'वरुणा' हे टोपणनाव घेतले होते. लेखाआधीच्या परिचयाच्या दहा ओळी मी लिहिल्या होत्या. त्या वेळी वाराणसीत गंगा धोक्याच्या खुणेवर होती आणि वाढत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लेखिका कोण हे तिच्या गल्लीला कळले.

यंदा नदी पुन्हा चढते आहे. आज सकाळी दशाश्वमेधाच्या अगदी वरच्या पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या. होड्या एरवी जिथे चहावाले बसतात तिथल्या खांबांना बांधल्या आहेत. संध्याकाळची आरती छतावर गेली आहे. भोसले घाटाच्या दगडी भिंतीवर पाणी कुठवर आले ते बघायला लोक वरच्या वळणावर थांबतात, फोन उंच धरून फोटो काढतात आणि परत जातात. दूधविनायकाच्या गल्लीत गाई नेहमीपेक्षा जास्त आहेत, कारण खालच्या गल्ल्यांत त्यांना उभे राहायला कोरडी जागा नाही. पूर आधी वासाने येतो. ओला दगड, कुजलेला झेंडू, होडीच्या इंजिनाचे डिझेल, आणि या सगळ्याच्या खाली गाळाचा थंड, जड वास. तो काल संध्याकाळी जिन्यापर्यंत आला. उषाने, माझ्या बायकोने, खिडकी लावून घेतली.

लेखनगट फोनवरचा आहे. सभासद सांगली, जबलपूर, इंदूर, काही परदेशात. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेले नाही. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी दवाखाना चालवणारी, कोणी मुलांची शाळा सुटायच्या आत तासभर लिहून घेणारी. गट चालवतात सांगलीच्या मंदाताई, निवृत्त ग्रंथपाल. त्यांचा एक नियम कडक आहे: आपले लिखाण आपण पुढे करायचे नाही. दर शुक्रवारी एका सभासदाला पाट मिळतो आणि तो दुसऱ्या सभासदाने मांडायचा. त्याने लेख निवडायचा, लेखाविषयी दहा ओळी लिहायच्या, मग बाकीच्यांनी तो आपापल्या ओळखीत पोचवायचा. नातेवाइकांचे गट, महिला मंडळे, शाळेतले जुने सोबती, जिथे जाईल तिथे. ज्याचा पाट असेल त्याने त्या दिवशी काही बोलायचे नाही. ओवाळून घेताना माणूस बसतो तसे बसून राहायचे.

त्या दहा ओळींना गटात रांगोळी म्हणतात. रांगोळी लेखकाला आधी दाखवायची नाही, असाही रिवाज आहे. मंदाताईंच्या मते त्यात गंमत असते. पाटावर बसणाऱ्याने आधीच रांगोळी पाहिली तर तो संकोचून खोडायला सांगतो, आणि मराठी माणसाला स्वतःचे कौतुक खोडायची सवय असतेच. रिवाज चांगला होता. अनेक शुक्रवारी मी त्याचा परिणाम पाहिला होता. वर्षानुवर्षे वहीत लिहून वही कपाटात ठेवणारी माणसे एका सकाळी शंभर अनोळखी लोकांचे नमस्कार घेत होती. जबलपूरच्या एका बाईंनी लिहिले होते, 'आज मुलाने पहिल्यांदा विचारलं, आई, तू काय लिहितेस.'

मी पस्तीस वर्षे या शहरातल्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम केले. मराठी ही घरात बोलायची भाषा होती. लिहायची पाळी निवृत्तीनंतर आली. गटात माझी ओळख अचूक लिहिणारा अशी होती. पाट मांडायला मला म्हणूनच वारंवार सांगत.

वरुणाचा लेख असा होता. एक वृद्ध गुरुजी नदीकाठी श्राद्धाचे विधी करतात. उभे आयुष्य करत आले आहेत. अलीकडे मंत्र मध्येच सुटतो. त्यांची सून मागे बसते. दर्भ निवडण्याचे, तिळाची पुडी सोडण्याचे निमित्त करते आणि पुढचा शब्द हलक्या आवाजात टाकते. गुरुजी तो उचलतात आणि पुढे जातात. यजमानाला वाटते, गुरुजी श्वास घ्यायला थांबले. तिला मंत्र कोणी शिकवलेले नाहीत. लग्न होऊन आल्यापासून सकाळी पोळ्या लाटताना पलीकडच्या खोलीतून ऐकलेले आहेत. मागचा आवाज सुनेचा आहे हे सासऱ्यांना कळते, की तो आपल्याच आतून आला असे त्यांना वाटते, हे तिला ठाऊक नाही. विचारायची हिंमत होत नाही. लेख तिथे संपत होता.

लेखात शहराचे नाव नव्हते. नदीचेही नव्हते. पण लेखात एक यजमान होता. पिंडदान चालू असताना तो दोनदा मनगटावरचे घड्याळ बघतो. वाचताना मी तिथे थांबलो. तो यजमान मी होतो. त्याआधीच्या पितृपक्षात, वडिलांच्या तिथीला, मला कार्यालयातली अकराची बैठक गाठायची होती. नोकरीचे ते शेवटचे वर्ष होते. विधी सांगत होते भास्करकाका, आमच्या घराचे गुरुजी. मागे त्यांची सून सुनंदा दर्भ निवडत बसली होती, हे मला आठवते. तिचा आवाज ऐकल्याचे आठवत नाही.

गटाची वाट सुनंदाला उषानेच कधीतरी दाखवली होती. ती कोणत्या नावाने आत गेली हे उषालाही माहीत नव्हते. मी ओळखले आणि कोणाला सांगितले नाही. मंदाताईंमार्फत 'वरुणा'ला विचारले, लेख पाटावर घेऊ का. उत्तर आले: 'घ्या.' मग मी ओळी लिहिल्या.

त्या आजही माझ्या फोनमध्ये आहेत. पहिल्या सहा ओळी लेखाच्या भाषेविषयी आहेत. सातवी अशी: 'लेखिका वाराणसीत, दशाश्वमेध घाटापासून चार मिनिटांवरच्या गल्लीत राहतात; सासरे पौरोहित्य करतात; हा अनुभव घरातला आहे.' नाव दिले नव्हते. नाव न देणे म्हणजे पुरेशी काळजी, असे त्या वेळी वाटले. डेस्कवर स्थळ नसलेला मजकूर परत पाठवला जातो. ती सवय होती. सवयीखाली दुसरे कारणही होते. एखादी गोष्ट खरीच घडलेली आहे असे कळले की वाचक ती जास्त लोकांना पाठवतो. लेख दूर जावा असे मला वाटत होते.

लेख दूर गेला. सकाळी दहापर्यंत कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी तो आपल्या आईला वाचून दाखवल्याचे कळवले. नागपूरच्या एका सभासदाने स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून पाठवले. 'वरुणाताई, पुस्तक कधी?' असे तिघांनी विचारले. नियमाप्रमाणे वरुणा गप्प होती. बाहेर पाऊस नव्हता. पूर वरच्या राज्यांतून येत होता. निरभ्र आकाशाखाली नदी वाढत जाते तेव्हा लोक जास्त घाबरतात. काय चालले आहे ते दिसत नाही. शाळांना सुट्टी होती, घाटावर यात्रेकरू नव्हते, आणि काशीतले प्रत्येक मराठी घर वरच्या मजल्यावर फोन हातात घेऊन बसले होते.

चारच्या सुमारास उषाने चहा ठेवता ठेवता माझ्या ओळी वाचल्या. चहाला उकळी फुटायच्या आत ती म्हणाली, "ही तर आपली सुनंदा."

"नाव कुठे आहे त्यात?"

"नाव लागतं कशाला? गुरुजी किती, सुना किती. मोजा ना बोटांवर." तिने गॅस बारीक केला. "पस्तीस वर्षं लोकांच्या खबरा कापल्यात. ही एक लाइन नाही कापता आली?"

मी मंदाताईंना फोन लावला. झाले ते सांगितले.

"लेखिकेला विचारलं होतंत ना?"

"लेखाचं विचारलं होतं. ओळींचं नाही. रिवाज नाही."

"रिवाज माझाच," त्या म्हणाल्या. "लेख काढू? म्हणालात तर आत्ता काढते. पण लोक विचारतील, का काढला."

"खुलासा देऊ."

"काय लिहाल?"

"स्थळाचा उल्लेख अनवधानाने झाला."

"म्हणजे स्थळ खरं आहे, असं सगळ्यांना कळलं."

मी दुसरा मसुदा सांगितला: परिचयातील तपशील काल्पनिक आहे. त्या म्हणाल्या, "मग लेखही खोटा ठरला. ती बाई खोटी ठरली." तिसरा मसुदा माझ्याकडे नव्हता. बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी खालच्या कोपऱ्यात खुलासा येतो, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही कागद पुड्या बांधायला जातात. त्या तिसऱ्या दिवसावर पस्तीस वर्षे विसंबून राहिल्याचे मला त्या फोनवर लक्षात आले.

"तिच्याकडे जा," मंदाताई म्हणाल्या. "ती म्हणेल ते करू. आपण ठरवायचं नाही. एकदा ठरवून झालंय."

भास्करकाकांचे घर आमच्या घरापासून दोन वळणे खाली, घाटाच्या बाजूला आहे. गल्लीच्या तोंडाशी पाणी उभे होते. त्यांनी खालच्या खोलीतले सामान वर हलवायला घेतले होते. सुनंदा डाळीचा डबा घेऊन जिन्यात होती.

"दादा, या. पाय जपून, सीढीवर काई आहे, घसराल."

"सुनंदा, त्या ओळी..."

"वाचल्या." तिने डबा पायरीवर ठेवला. "चार मिनिटं कशी हो? मला तर सात लागतात. हातात सामान असतं ना."

वरून भास्करकाकांचा आवाज आला. "कोण आहे गं?"

"मधूदादा आहेत, बाबा. पाणी किती चढलं विचारायला आलेत."

"अखबारात छापायचं त्याने, आणि विचारतो आम्हाला?"

ती हसली नाही. आवाज खाली घेऊन म्हणाली, "किती लोकांनी वाचलं असेल?"

"मोजता येत नाही."

"तुम्हाला पण नाही?"

मी विचारले, ओळी काढतो; लेखही काढू का. ती डब्याच्या झाकणावरचा ओला हात पदराला पुसत राहिली. "लेख राहू दे. तीन महिने लागले मला. ओळी काढा." मग म्हणाली, "उद्या हे येतात."

तिचा नवरा अनिल रेल्वेत आहे, प्रयागराजला. शनिवारी घरी येतो.

"त्याला काय माहीत आहे?"

"मी लिहिते हे माहीत नाही. बाबा विसरतात हे पण माहीत नाही. दोन्ही एकदम कळणार." तिने डबा उचलला. "पितृपक्ष दोन हफ्त्यांवर आलाय, दादा. बाबांना घाटावर जाऊ दिलं नाही ना, तर ते खाटेवरून उठणार नाहीत. मला बाकी कशाची परेशानी नाही."

साडेपाचला ओळी काढल्या गेल्या. त्या आधीच ज्यांच्या फोनवर पोचल्या होत्या तिथून काढणे शक्य नव्हते.

शनिवारी सकाळी सव्वाअकराला लेख, सातव्या ओळीसकट, काशीतल्या मराठी कुटुंबांच्या गटात आला. तो पाठवणारी बाई पुण्याच्या नणंदेकडून मिळाला म्हणाली. त्यानंतरचे संदेश मी उतरवून ठेवले आहेत. 'हे आपल्यातलं कोण बुवा?' 'चार मिनिटं म्हणजे चालत की धावत?' 'एका गुरुजींची सून तर पुण्यात असते, ते कटले.' 'दुसऱ्यांच्या मुलाचं लग्न व्हायचंय अजून.' थट्टेचा सूर होता. पुरात अडकलेल्या लोकांना कोडे मिळाले होते. बारा चाळीसला एकाने लिहिले, 'भास्करगुरुजींना दंडवत,' आणि जोडलेले हात टाकले. मग जवळपास पाऊण तास कोणी काही लिहिले नाही. दीडच्या सुमारास एक संदेश आला: 'मग आमच्याकडचं गेल्या वर्षीचं श्राद्ध कोणी केलं म्हणायचं? गुरुजींनी की सूनबाईंनी?' याच्यावर कोणी थट्टा केली नाही.

कौतुकात आणि बातमीत फरक काय, हे मला डेस्कवर कोणी विचारले असते तर मी सांगितले असते, बातमीत विशेषणे नसतात. आता उत्तर वेगळे आहे. बातमी ज्याच्याविषयी असते तो दार लावून घेऊ शकतो, मला काही सांगायचे नाही म्हणू शकतो. कौतुक ज्याचे चालले आहे त्याला उठून जाता येत नाही. आपण त्याला खोलीच्या मधोमध बसवतो, भोवती रांगोळी काढतो, दिवे लावतो. मग त्याला सगळे बघतात. त्याला कोणी बघू नये अशी त्याची एखादी बाजू असेल, तर दिवा तिथेही पडतो. हे विचार मला त्या शनिवारी सुचले नव्हते. त्या शनिवारी मी फक्त घड्याळ आणि फोन बघत होतो. अनिलची गाडी दोनला यायची होती. ती चारला आली.

तो रविवारी सकाळी आमच्याकडे आला. आत यायला नको म्हणाला, दारातच उभा राहिला.

"लेख अच्छा आहे, दादा. खरंच. मला माहीत नव्हतं ही असं लिहिते."

"अनिल, चूक माझी आहे. तिची नाही."

"चूक कोणाची ते नंतर बघू. बाबांना चौकात बसवलंत तुम्ही." त्याचा आवाज चढला नाही. "आता ही घाटावर जाणार नाही. ही मागे बसली की लोक मंत्र ऐकणार नाहीत, हिचे ओठ बघतील."

"मग काका एकटे?"

"पन्नास वर्षं एकटेच करत होते."

उषा आतून म्हणाली, "पन्नास वर्षं त्यांना आठवत होतं, अनिल."

त्याने चपला सरळ केल्या आणि तो गेला. सोमवारी पहाटेच्या गाडीने कामावर परतला. सुनंदाचे घाटावर जाणे बंद झाले. भास्करकाकांना यातले काय सांगितले गेले, काय नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. उषाने दोनदा खिरापत पाठवायच्या निमित्ताने चौकशी केली. दोन्ही वेळा उत्तर आले: बाबा ठीक आहेत, पाणी केव्हा उतरतं ते विचारतात.

पाणी मंगळवारी थांबले. पूर ओसरण्याआधी एक दिवस असा येतो की सरकारी पत्रकात 'स्थिर' एवढाच शब्द असतो. नदी वाढत नाही आणि उतरतही नाही. डेस्कवर त्या दिवशी मथळा सापडत नसे. गल्लीत लोक पायरीवर खडूने रेघ मारून ठेवतात, तासाने येऊन बघतात, आणि रेघ तिथेच असते. त्या दिवशी अमरावतीच्या एका कुटुंबाने भास्करकाकांकडे फोन करून यंदा श्राद्ध घरीच करतो असे कळवले. कारण पुराचे दिले. पूर होताच, कारण खोटे म्हणता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी आणखी एकांनी कळवले. त्यांनी कारण दिले नाही.

गटात पुढचा शुक्रवार आला. इंदूरच्या एका सभासदाचा पाट झाला, प्रवासाचा लेख होता, सगळ्यांनी नमस्कार केले. मंदाताईंनी त्या सकाळी नियम बदलला: रांगोळी लेखकाला आधी दाखवायची. कारण सांगितले नाही. एकाने तक्रार केली की गंमत गेली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे."

वडिलांची तिथी चतुर्थी. पितृपक्षातल्या चतुर्थीला मी साडेसातला घाटावर पोचलो. नदी निम्म्या पायऱ्यांखाली गेली होती आणि मागे गाळ ठेवून गेली होती. तो गुडघाभर असतो, राखाडी, वरून सुकलेला, पाय पडला की खालून ओला. महानगरपालिकेचे लोक पंपाने पायऱ्या धूत होते. पाण्याचा फवारा दगडावर आपटला की गाळाचे मोठे तुकडे सुटून खाली घसरत. पंपाचा आवाज इतका की शेजारच्याशी बोलायला वाकावे लागत होते. वरच्या चौथऱ्यावर तेवढी धुतलेली जागा होती. तिथे चार-पाच गुरुजी आपापले यजमान घेऊन बसले होते.

भास्करकाका एकटे आले. हातात पिशवी होती, ती त्यांनीच भरलेली असावी; दर्भ वर होते आणि तांब्याचे ताम्हन तळाशी. शेजारच्या गुरुजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि मान वळवली.

"पवित्रक घाल, मधू. उजव्या हातात रे, पत्रकारसाहेब. बोट तेच जे अंगठीचं असतं."

विधी सुरू झाला. संकल्प सरळ गेला. गोत्र, तीन पिढ्यांची नावे, त्यांनी मला न विचारता घेतली. माझ्या पणजोबांचे नाव माझ्या मुलाला माहीत नाही. ते त्यांना पाठ होते. जानवे उजव्या खांद्यावर घेतले. पिंड मांडले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. आता कुठे थांबतील याची वाट बघत होतो, हे खरे आहे. तिळोदकाशी ते थांबले.

श्वासाला लागतो तेवढा वेळ गेला. मग त्याहून जास्त गेला. पंप चालू होता. त्यांनी पळी ताम्हनावर टेकवली.

"कुठवर आलो?"

"तिळांचं पाणी घातलं, काका."

"ते दिसतंय. मंत्र कुठवर?"

मला सांगता येईना. माझ्यासमोर म्हटला गेलेला मजकूर मला परत सांगता आला नाही, असे फार वेळा झालेले नाही. त्यांनी मान मागे वळवली. मागे भिंत होती, त्यावर पुराची ओली रेघ. शेजारच्या गुरुजींचा आवाज हळू झाला होता.

"फोन आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"तिला लाव. आवाज मोठा ठेव."

"इथे? सगळ्यांना..."

"ऐकू दे. याचाही पाठ सुधारेल," त्यांनी शेजाऱ्याकडे हनुवटी केली.

दोन वेळा वाजल्यावर तिने उचलला. "दादा? काय झालं?"

भास्करकाका फोनकडे वाकले. "सुनंदा. तिळोदकाच्या पुढे."

पलीकडे कुकरची शिटी झाली. मग कुकर बंद केल्याचा आवाज. मग तिने पुढचा शब्द म्हटला, हलक्या आवाजात, सवयीनेच असणार. पंपात तो बुडाला.

"मोठ्याने म्हण. इथे पंप चाललाय."

तिने मोठ्याने म्हटला. त्यांनी तो उचलला. मी फोन पत्रावळीच्या कडेला ठेवला. पुढे आणखी दोनदा ते थांबले आणि दोन्ही वेळा आवाज पत्रावळीवरून आला. शेजारच्या यजमानाने वळून पाहिले. त्याच्या गुरुजींनी त्याला पुढे बघायला सांगितले. पिंडांवर पाणी, नमस्कार, विसर्जन, सगळे क्रमाने झाले. शेवटी भास्करकाका फोनला म्हणाले, "उद्या साडेसातला घाटावर यायचं. आणि माझा चष्मा कुठे ठेवलायस ते बघ."

"पण हे म्हणाले होते..."

"त्याच्याशी मी बोलतो. गणपतीत भांडण नको म्हणून गप्प होतो."

कॉल बंद झाला. ते दर्भ आवरू लागले. मी विचारले, "काका, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"मागून आवाज कोणाचा येतो ते."

"विसरतो मी, मधू. बहिरा नाही झालो."

"लेख वाचलात?"

"तिनेच वाचून दाखवला. अनिल यायच्या आधी, शनिवारी सकाळी." त्यांनी ताम्हन पुसून पिशवीत घातले, या वेळी वरती. "लांब आहे. आणि त्यात लिहिलंय, मी पळी डाव्या हातात धरतो. ते खोटं आहे. तू मांडलास ना? तेवढं बघायला पाहिजे होतंस."

दुसऱ्या दिवशी साडेसातला दोघे घाटावर आले. सुनंदा मागे बसली नाही. त्यांच्या डाव्या बाजूला, यजमानाच्या समोर बसली. अमरावतीचे कुटुंब आले नाही. दुसरेही आले नाही. ज्यांनी कारण दिले नव्हते, त्यांनी ते पुढेही दिले नाही. अनिल त्या शनिवारी आला आणि रविवारी गेला. घरात काय बोलणे झाले ते बाहेर आलेले नाही. सर्वपित्री अमावास्येपर्यंत रोज दोघांची जागा तीच होती, आणि वर्षभर तीच राहिली.

यंदा अजून पाणी उतरायचे आहे. भास्करकाका सकाळी छतावरून नदी बघतात. पितृपक्षासाठी ज्या घरांनी वेळ मागितली आहे त्यांत नागपूरचे एक नवे कुटुंब आहे. 'पाठीमागचा आवाज' गटाच्या संग्रहात आहे, ओळींशिवाय. सभासदांच्या यादीत 'वरुणा' हे नाव आहे. दर शुक्रवारचा पाट ती वाचते. वाचल्याची खूण सकाळी नवाच्या आत येते. मंदाताईंनी तिला तीनदा नवीन लेख मागितला आहे. त्या नावाने त्यानंतर गटात काही आलेले नाही.